मास्तरांचा ओला मग

मागच्या अंगणातला तो पोहण्याचा पूल इतका हिरवा झाला होता की पाण्यातली दुसरी पायरी दिसेना. पहिल्या पायरीच्या पुढे नुसता गडद हिरवा रंग, त्यावर कुजलेली पानं, एक पालथी पडलेली प्लास्टिकची खुर्ची आणि कोपऱ्यात बेडकांनी थाटलेला संसार. घराचे मालक, ज्यांचं चौकात चष्म्याचं दुकान होतं, खिशात हात घालून मागे उभे होते.

"अकरा महिने कुणी हात लावला नाही," ते म्हणाले. "जमेल ना तुम्हाला? म्हणजे, एकट्या बाईमाणसाला?"

"बेडूक तेवढे तुम्ही हाकला," पूल साफ करायला आलेल्या वहिनी म्हणाल्या. "बाकीचं मी बघते."

"पाणी उपसूनच टाकलं तर?"

"खाली जमिनीत पाणी आहे. पूल रिकामा केलात तर ते खालून रेटा देईल, आणि फरशी तडकून वर येईल. मग मला नाही, गवंड्याला बोलवा."

मालक बेडकांसाठी काठी शोधू लागले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "मास्तर कसे आहेत?"

"आहेत," वहिनी म्हणाल्या आणि गाडीतून जाळी काढायला गेल्या.

तोंडाने फटाफट उत्तरं देत होत्या खऱ्या, पण पुलाच्या पायऱ्यांकडे बघणं टाळत होत्या. अकरा महिन्यांपूर्वी याच पुलाच्या काठावर त्यांचा नवरा, म्हणजे मास्तर, कोसळला होता. मालकांनी त्यानंतर भीतीने पूल बंद ठेवला. आता घर भाड्याने द्यायचं होतं, आणि त्यांच्याकडे नंबर एकच होता, मास्तरांचा. तो फोन हल्ली वहिनी उचलत.

मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी लोकांचे पूल साफ केले आणि त्या अठ्ठावीस वर्षांत एकोणीस जणांना हे काम शिकवलं, म्हणून मास्तर. आणि शिकवणं म्हणजे कसं? कडक! नाकावर माशी बसू देत नसत. क्लोरीनची पावडर पाण्यात घालायची, पाणी पावडरीत कधीच नाही. ॲसिडचा मग वेगळा, पावडरीचा वेगळा. डबा उघडताना तोंड बाजूला. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे मग कोरडा. पावडरीच्या डब्यात ओला मग गेला की ती तापते, धुमसते, आणि जो वायू निघतो तो माणसाची फुप्फुसं आतून जाळतो. मास्तरांच्या खांद्यावर कायम एक पंचा असायचा. त्याने ते मग पुसत, उलटा करून पाहत, परत पुसत. शिकाऊ माणसाने एकदा जरी न पुसता मग डब्यात घातला तर त्या दिवशी त्याला घरी पाठवत. लंबू नावाचा एक उंच पोरगेला गडी होता, सगळ्यांत हुशार, मास्तरांचा जीव होता त्याच्यावर. त्यालाही सुरुवातीला तीनदा घरी पाठवलं होतं.

आणि असा माणूस एका सकाळी या अंगणात लाल झाकणाचा डबा उघडतो, मग आत घालतो, आणि डबा फसफसून भडकतो! मालक धावत आले तेव्हा मास्तर फरशीवर गुडघ्यांवर बसून ओकत होते आणि डबा बाजूला उलटून धुमसत होता. मालकांनी नळी लावून सगळं धुऊन काढलं. घाबरलेला माणूस दुसरं काय करणार? त्या पाण्याबरोबर काय घडलं याचा पुरावाही वाहून गेला.

पंधरा दिवस मास्तर शुद्धीवर असून नसल्यासारखे होते. उठले तेव्हा त्या सकाळचं त्यांना नीट काही आठवेना. डबा उघडल्याचं आठवे, पण मग पुसल्याचं आठवेना. आणि पूलवाल्यांच्या लाइनीतल्या लोकांना तर कारण शोधावंही लागलं नाही. डबा दुसऱ्या कशाने भडकतो? मग ओला होता, बस्स. मास्तरांचाच मग ओला! लंबूने हे पहिल्यांदा कुठल्याशा चहाच्या टपरीवर हसत हसत म्हटलं, आणि बघता बघता ते वाक्य गावभर झालं. कुणी अनुभवी माणसाने साधी चूक केली की पूलवाले म्हणू लागले, "झाला बघ मास्तरांचा मग ओला." हे मास्तरांच्या कानावर यायला किती वेळ लागणार?

त्या दिवसापासून त्यांनी कुणाला घरात येऊ दिलं नाही. एकोणीसपैकी एकालाही नाही. दारात कुणी आलं की वहिनींना हाताने खूण करत, नाही म्हणून सांग. खोलीत एक पलंग, एक खिडकी, आणि दिवसरात्र घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र. त्याची नळी नाकात. बोलायचे ते तीन तीन शब्दांत, मध्ये श्वास घेत.

"कुठल्या तोंडाने... भेटू मी... त्यांना?"

आणि रोज, अगदी रोज, चहाचा कप हातात घेतला की एकच प्रश्न.

"पुसला होता का गं मी?"

"पुसलाच असणार तुम्ही," वहिनी म्हणत.

"मग भडकला कसा?"

याचं उत्तर वहिनींना सुरुवातीला खरंच माहीत नव्हतं. हे आधी नीट लक्षात घ्या, म्हणजे पुढचं ऐकताना त्या बाईला उगाच फासावर चढवणार नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

घर चालायला हवं होतं, म्हणून दोन महिन्यांनी वहिनींनीच गाडी बाहेर काढली. हातात ब्रश कधी धरला नव्हता, पण अठ्ठावीस वर्षं त्या माणसाचे कपडे धुतले होते, निदान वास तरी ओळखीचा होता. मास्तर पलंगावरून शिकवू लागले. तेव्हा मात्र त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग यायचा. वही मांडीवर घेऊन वहिनी शेजारी बसत आणि ते श्वास घेत घेत सांगत.

पाचव्या की सहाव्या दिवशी त्यांनी झाकणांचं सांगितलं.

"निळं झाकण... झटपट पावडर. लाल झाकण... सावकाश. दोन्ही पांढऱ्या. वासही सारखाच. पण दोघींचं... हाडवैर. एकीतली दुसरीत... चमचाभरही... घालायची नाही. कोरडी असली तरी नाही. मिसळलीस... की संपलीस."

वहिनींनी मान हलवली. वहीत लिहिलं. मग "आले हं" म्हणून उठल्या, न्हाणीघरात गेल्या, कडी लावली आणि भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या.

कारण त्या अपघाताच्या आदल्या दिवशी रविवार होता, आणि वहिनींनी गाडी आवरली होती. तशा त्या पहिल्यापासून टापटिपीच्या. मास्तरांची गाडी म्हणजे नळ्या, जाळ्या, फडकी यांचा नुसता उकिरडा. त्या दिवशी त्या हात धुवून मागे लागल्या आणि सगळं बाहेर काढून झाडलं, पुसलं. मागे दोन डबे होते, दोन्ही अर्ध्याहून कमी भरलेले, दोन्हींत पांढरी पावडर. उगीच दोन डब्यांची अडगळ कशाला? त्यांनी निळ्या झाकणाचा डबा लाल झाकणाच्या डब्यात रिता केला, झाकण घट्ट लावलं, आणि निळा डबा धुऊन गॅलरीत वाळत घातला. सोमवारी सकाळी मास्तर गाडी उघडून म्हणाले होते, "वा! आज गाडी ओळखू येत नाही." निळा डबा संपला असेल असं त्यांनी धरून चाललं असावं. वहिनींना किती बरं वाटलं होतं तेव्हा. अठ्ठावीस वर्षांत गाडीवरून शाबासकी पहिल्यांदाच मिळाली होती.

न्हाणीघरातून बाहेर आल्यावर सांगायला हवं होतं. सांगणारच होत्या. पण मास्तर वहीकडे बोट दाखवून म्हणाले, "नीट लिहिलंस ना? शाब्बास," आणि तो शब्द ऐकून त्यांच्या तोंडाला कुलूपच लागलं. आज नको, उद्या सांगू. उद्या त्यांना ताप होता. परवा मुलीचा फोन आला. मग आठवडा गेला, महिना गेला, आणि मग 'इतके दिवस का नाही सांगितलंस?' या प्रश्नालाच उत्तर उरलं नाही. भीती कसली होती? माराची नव्हे. मास्तरांनी कधी हात उचलला नव्हता. भीती एवढीच, की या खोलीत आता आपल्याकडे बघणारं माणूस एकच आहे, आणि ते बघायचं थांबेल.

तर असं हे नऊ महिने पोटात घेऊन वहिनी त्या हिरव्या पुलाच्या काठावर उभ्या होत्या.

ज्यांना वाटतं की बाटलीभर औषध ओतलं की हिरवा पूल निळा होतो, त्यांनी एकदा तो ब्रश हातात धरून बघावा. पहिला अख्खा दिवस पानं, चिखल आणि ती खुर्ची बाहेर काढण्यात गेला. जाळी प्रत्येक वेळी आंघोळ घातलेल्या म्हशीइतकी जड होऊन वर यायची. दुपारी त्यांनी घरी मास्तरांना फोन लावला. फोनमध्ये आधी यंत्राची घरघर, मग त्यांचा आवाज.

"कुठला पूल?"

"नवा आहे. टेकडीच्या बाजूला," वहिनी सरळ खोटं बोलल्या.

"मापं सांग."

त्यांनी सांगितली. मास्तरांनी हिशेब केला, आधी ॲसिड किती, मग पावडर किती. "आधी घास. भिंती घास. शेवाळाच्या अंगावर... बुळबुळीत साय असते. ती फोडल्याशिवाय... औषध आत जात नाही. आणि पावडर... उन्हं उतरल्यावर. ऊन ती खाऊन टाकतं."

वहिनींनी भिंती घासल्या. पायऱ्या घासल्या. खांदे भरून आले, तळहाताला फोड आले. उन्हं उतरल्यावर बादलीत आधी पाणी, मग पावडर, असं एकेक करून काठाकाठाने सोडलं आणि पंप चालू ठेवून घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी रंग बदलला होता. हिरव्याचा करडा झाला होता, मेलेल्या शेवाळाचा. फिल्टरवरचा दाबाचा काटा सारखा वर चढत होता, दर दोन तासांनी उलटं पाणी सोडून त्यातली वाळू धुवावी लागत होती. फोनवर मास्तरांनी विचारलं, "पंपाची खोली... पुलापासून किती लांब?"

"बरीच लांब. अंगणाच्या त्या टोकाला, नळाशेजारी."

"आणि पाणी ओढणारं तोंड... पायऱ्यांच्या डाव्या हाताला?"

"हो."

"एकच आहे? आणि फरशी... करड्या रंगाची?"

वहिनींनी पायाखालच्या करड्या फरशीकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं या माणसाने पूलच पाहिले होते. आपण माणसं ओळखतो तसे तो पूल ओळखायचा.

"चष्मेवाल्यांचा पूल आहे तो," मास्तर म्हणाले. "टेकडीची बाजू कुठली... घेऊन बसलीस?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून—"

"फरशीवर डाग असेल बघ. पांढरा. डबा उलटला... तिथे रंग उडाला असेल. कुठे आहे तो?"

डाग वहिनींनी कालच पाहिला होता आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. "आहे."

"नळाजवळ... की पायऱ्यांजवळ?"

"पायऱ्यांजवळ."

फोनमध्ये मास्तरांचा श्वास जोरजोरात येऊ लागला. वहिनी घाबरल्या. "अहो? अहो, ठीक आहात ना?"

"म्हणजे मी नळाकडे... गेलोच नव्हतो. फाटकातून आलो... तो थेट पायऱ्यांशी. मग धुतलाच नाही मी तिथे. ओला होईल कशाने?" ते खोकले, बराच वेळ खोकले. "ऐकलंस का? ओला होईल कशाने?"

अकरा महिन्यांत त्यांच्या आवाजात अशी धुगधुगी वहिनींनी ऐकली नव्हती. पण त्या संध्याकाळी घरी पोचेपर्यंत तीही विझली होती. मास्तर भिंतीला टेकून बसले होते आणि स्वतःशीच वाद घालत होते. नळाकडे गेलो नसेन, पण आधीच्या घरी मग धुतला असेल. गाडीत ओलाच टाकला असेल. किंवा पुलातच बुडाला असेल. नाहीतर मग डबा आपोआप पेटतो का? अठ्ठावीस वर्षांत कधी पेटला? नाही ना? मग चूक माझीच. म्हातारा झालो होतो. हात विसरले होते.

"पुसला होता का गं मी?" त्यांनी विचारलं, आणि या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

वहिनींनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. नऊ महिने जे केलं तेच.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. मालक येऊन म्हणाले, "हे तर जास्तच बिघडलं!" वहिनींनी त्यांना समजावलं, की मेलेलं शेवाळ इतकं बारीक होतं की फिल्टरमधून निसटतं. पंप बंद करून तुरटी विरघळवून सोडली, की एका दिवसात सगळं तळाशी बसेल. दुपारी त्यांनी तुरटी सोडली. मग करण्यासारखं काही नव्हतं. पाणी ढवळायचं नाही, हलवायचं नाही, नुसतं थांबायचं. त्या पायऱ्यांजवळच्या पांढऱ्या डागाशेजारी बसून राहिल्या. आणि तिथे बसून त्यांना स्वतःची अशी चीड आली की सांगता सोय नाही. आपण त्या माणसाला वाचवत नाही आहोत, हे त्यांना स्वच्छ कळलं. फुप्फुसं गेली ती गेली. पण 'मी चुकलो' हे जे त्याला रोज कुरतडतंय, ते आपण रोज चहाबरोबर त्याला वाढतोय. आणि ते थांबवायला लागणारं एक वाक्य आपल्याच तोंडात आहे.

चौथ्या दिवशी सकाळी पाणी काचेसारखं होतं आणि तळाला करड्या गाळाचा थर. पंपाने तो गाळ इंच इंच ओढून बाहेर टाकायला दुपार झाली. मग तळ दिसला, फरशीच्या सांध्यांसकट. मालक टाळ्या वाजवायचेच राहिले होते. वहिनी हात न धुता गाडीत बसल्या आणि थेट घरी आल्या.

मास्तर जागे होते. वहिनी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"तुमचा मग कोरडा होता," त्या म्हणाल्या. "डबा मी मिसळला होता. रविवारी गाडी आवरताना. निळ्यातली पावडर लाल डब्यात ओतली मी. मला माहीत नव्हतं."

मास्तरांनी जे प्रश्न विचारले ते शिकाऊ माणसाला विचारावेत तसे विचारले. निळ्यात किती उरली होती? ओतताना धूर आला का? झाकण कुणी लावलं? घट्ट लावलं? गाडी उन्हात होती का? वहिनींनी एकेकाचं उत्तर दिलं. शेवटचं उत्तर संपलं तेव्हा मास्तरांनी डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा असा उजळला, असा उजळला की वहिनींना वाटलं, देवा, हे मी नऊ महिने अडवून धरलं होतं?

"म्हणजे पुसला होता मी," ते म्हणाले. हसायला लागले, हसता हसता रडायला लागले, रडता रडता ठसका लागला. वहिनींनी पाठीवरून हात फिरवला. ठसका थांबल्यावर त्यांनी तो हात हळूच बाजूला केला.

"तुला कधी कळलं?"

"तुम्ही झाकणांचं शिकवलंत तेव्हा."

मास्तरांनी मनाशी मोजलं. "म्हणजे नऊ महिने."

"हो."

"नऊ महिने... मी रोज विचारत होतो. आणि तू... चहा देत होतीस."

वहिनींना वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, खरंच सांगतो. ते ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "फोन आण."

एकोणीस जणांना त्यांनी स्वतः फोन केला. एकेक फोन म्हणजे त्यांना डोंगर चढण्यासारखं होतं, तरी दोन दिवसांत सगळे संपवले. "घरी ये," एवढंच म्हणत. तिसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. मास्तरांनी दाढी करून घेतली, इस्त्रीचा सदरा घातला, उशा मागे लावून ताठ बसले. आणि जो येईल त्याला समोर बसवून वहिनींकडे बोट दाखवून म्हणत, "हिला विचार."

आणि वहिनी सांगत. "मास्तरांचा मग कोरडा होता. डबा मी मिसळला होता." पहिल्यांदा सांगताना दाराची चौकट धरून ठेवली. दुसऱ्यांदा अर्ध्यातून पुन्हा सुरुवात करावी लागली. कुणी म्हणालं, "जाऊ द्या वहिनी, तुम्हाला कुठे माहीत होतं." कुणी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. एक जण तर मास्तरांच्या पायांशी बसून ढसाढसा रडला, कारण त्यानेही ते वाक्य चारचौघांत म्हटलं होतं. मास्तर त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे. मग पुसतोस ना?"

तो आठवडा मास्तर पुन्हा मास्तर झाले होते. श्वास पुरत नव्हता तरी एकेकाची उलटतपासणी घेत, चुका काढत, रागावत. वहिनी चहाचे कप आत-बाहेर करत. त्यांना आनंद होत होता, खराखुरा. आणि त्याच वेळी आत काहीतरी करपत होतं, कारण माणसं गेल्यावर त्या खोलीत त्यांच्यासाठी एक शब्द उरत नसे. रोज संध्याकाळी मास्तर त्यांना एकच विचारत.

"लंबू आला?"

"नाही."

अठरा जण आले. लंबू आला नाही.

अकराव्या दिवशी मात्र मास्तरांनी आपणहून तोंड उघडलं. "त्या पुलाचं... पाणी कसं आहे?"

वहिनी हातातला कप ठेवून वळल्या. "तळ दिसतोय स्वच्छ. आजच बघून आले."

"पंप किती तास?"

"आठ."

"बरं," मास्तर म्हणाले आणि भिंतीकडे वळले. माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. बाराव्या दिवशी दुपारी ते गेले. यंत्र चालूच होतं. ते बंद करायला वहिनींचा हात उठेना, शेवटी मुलीने बंद केलं.

अठरा जण पुन्हा आले. लंबू तेव्हाही आला नाही. नाही म्हणायला रस्त्याच्या पलीकडे त्याची गाडी उभी होती म्हणे, पण तो आतून उतरला नाही.

महिनाभराने वहिनींनी त्याचा ठाव काढला. एका बंगल्याच्या मागे तो पायऱ्या घासत होता. त्यांना पाहून त्याचा ब्रश थांबला. उंच माणूस पाण्यात गुडघ्याइतका उभा होता, तरी डोळे जवळजवळ वहिनींच्या डोळ्यांच्या उंचीला.

"मास्तरांचा मग कोरडा होता," वहिनी म्हणाल्या. "डबा मी मिसळला होता."

"माहीत आहे वहिनी. अख्ख्या लाइनीत झालंय."

"झालं असेल. पण मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तेवढंच राहिलं होतं."

लंबूने तोंडावरून हात फिरवला. "ते वाक्य मी काढलं होतं. नुसतं चेष्टेत. फोन आला तेव्हा मला वाटलं, मला शिव्या घालायला बोलावतायत. आणि शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. पण समोर जायचं कसं?" मग त्याने लहान मुलासारखं विचारलं, "काही म्हणाले का ते माझ्याबद्दल? की नावच काढलं नाही?"

नाही काढलं, असं म्हणता आलं असतं. तो सुटला असता. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तेच ऐकायला तो आसुसला होता, आणि दया म्हणून एक खोटा शब्द कुणीही बोललं असतं. वहिनींच्याही तो ओठांवर आला. पण असला शब्द पोटात ठेवून माणसाचं काय होतं, ते त्यांनी नऊ महिने जवळून पाहिलं होतं.

"रोज विचारायचे," त्या म्हणाल्या. "लंबू आला का म्हणून. शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा विचारलं."

लंबू खाली बसला, तसाच, पाण्यातल्या पायरीवर, कपड्यांसकट. वहिनी त्याच्याजवळ थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांचा पुढचा पूल होता, म्हणून निघाल्या.